घड्याळ काढून ठेवा

मनगटावरचं घड्याळ काढा. मोबाइल घरीच राहू दे. टी-शर्टवर काही छापलेलं असेल तर तोही बदलावा लागेल. आपण जिथे निघालोय तिथे या वस्तू नजरेला पडल्या तर बघणाऱ्यांचा विरस होतो. ही अट माझी नाही. कुणाची, ते तिसऱ्या मुक्कामावर कळेल.

पहिला मुक्काम बर्लिन, १८८०चा ऑक्टोबर. तिकीट काढून तुम्ही प्राणिसंग्रहालयात शिरलाय. हवेत गारठा आहे, पायाखाली भिजलेली पानं. वाघ-सिंहांकडे आज कुणी फिरकत नाही. सगळी गर्दी पलीकडच्या एका कुंपणाला चिकटली आहे, मुलं वडिलांच्या खांद्यावर बसली आहेत. तुम्हीही कोपरानं वाट काढत पुढे सरकता. कुंपणाच्या आत एक झोपडी, काही कुत्री, एक कयाक. आणि आठ माणसं.

ही माणसं लॅब्राडोरहून आली आहेत, म्हणजे आजच्या कॅनडाच्या ईशान्य किनाऱ्यावरून. इनुइट. आठांमध्ये दोन कुटुंबं आहेत. एका कुटुंबात पस्तिशीचा अब्राहम, त्याची बायको उल्रिके, सारा आणि तान्ही मारिया या दोन मुली. शिवाय तोबियास नावाचा एक तरुण त्यांच्यासोबत आहे. दुसऱ्या कुटुंबात तेरियानियाक, त्याची बायको पाइंगो आणि वयात आलेली मुलगी नोग्गासाक. त्यांचं काम काय? अधूनमधून कयाक चालवून दाखवायची, सीलच्या शिकारीची नक्कल करायची. बाकी वेळ नुसतं राहायचं. जेवायचं, मुलाला पाजायचं, कुत्र्यांवर ओरडायचं. लोक बघणार.

हे डोकं हॅम्बुर्गच्या कार्ल हागेनबेकचं. हा जनावरांचा व्यापारी. युरोपभरच्या प्राणिसंग्रहालयांना हत्ती-जिराफ पुरवणारा. १८७०च्या दशकाच्या मध्याला तो उत्तरेकडून रेनडिअर मागवत होता, तेव्हा त्याच्या एका चित्रकार मित्रानं सुचवलं, की जनावरांबरोबर त्यांना पाळणारं सामी कुटुंबच का आणत नाहीस? कुटुंब आलं. तंबू, गाड्या, भांडीकुंडी घेऊन आलं आणि हागेनबेकच्या अंगणात राहू लागलं. त्यांनी कसलाही खेळ केला नाही. बाईनं लोकांसमोर मुलाला पदराखाली घेतलं, पुरुषांनी रेनडिअर पकडले, तंबू उभारला आणि मोडला. हॅम्बुर्ग लोटलं. नट नकोत, संहिता नको, माणसं एका आवारात ठेवा आणि रोजचं जगू द्या, तिकीट आपोआप खपतं. टीव्हीचा शोध लागायला अजून पन्नास वर्षं होती. रिअ‍ॅलिटी शोचा शोध मात्र त्या अंगणातच लागला, असं माझं मत आहे.

कुंपणाशी परत या. तुम्ही ज्याच्याकडे बघताय तो अब्राहम ख्रिस्ती आहे, मोरावियन मिशनच्या वस्तीतला. लिहितो-वाचतो, व्हायोलिन वाजवतो. मिशनच्या दुकानाचं कर्ज डोक्यावर आहे, ते फेडावं आणि युरोपही बघावा म्हणून तो आला. मिशनऱ्यांनी जाऊ नको म्हणून परोपरीनं सांगितलं होतं. आणि तुम्हांला ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की हा माणूस रोजनिशी लिहितोय. स्वतःच्या भाषेत. तुमच्याबद्दल.

तो लिहितो, की इथे चालण्याचा आणि गाड्यांचा आवाज थांबतच नाही. आम्हांला सारखी सर्दी होते. लोक कुंपणाच्या आत घुसतात. आणि हागेनबेकच्या माणसानं तोबियासला कुत्र्यांच्या चाबकानं मारलं, तेही त्यानं लिहून ठेवलं आहे. आज गर्दी अशीच आत घुसली आहे. रखवालदारांचं कुणी ऐकत नाही. बाया-मुलं झोपडीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी. तेव्हा अब्राहम एका हातात चाबूक आणि दुसऱ्या हातात सील मारायचा भाला घेऊन बाहेर येतो आणि भयंकर रूप धारण करतो. ‘रानटी’ दिसतो. तुम्ही किंचाळत पळत सुटता. गर्दी पांगल्यावर हा मनुष्य पुन्हा आत जाऊन बसतो आणि संध्याकाळी हे सगळं वहीत उतरवतो.

माणसं बघायच्या या प्रकारात जिथे जिथे ‘रानटीपणा’ दिसतो, तिथे हा प्रसंग मला आठवतो. पाहुण्यांना जे बघायचं होतं तेच त्यानं त्यांना हाकलायला वापरलं.

पुढचं झटपट सांगतो, रेंगाळण्यासारखं त्यात काही नाही. या आठही जणांना देवीची लस टोचायची राहून गेली होती. नोग्गासाक डिसेंबरात डार्मश्टाटला वारली. तिची आई क्रेफेल्डला. छोटी सारा क्रेफेल्डच्याच दवाखान्यात वारली, तिला तिथे ठेवून बाकीच्यांना पॅरिसला न्यावं लागलं. पॅरिसला पोहोचल्यावर लस टोचली, पण तोवर उशीर झाला होता. १६ जानेवारी १८८१पर्यंत आठांतलं कुणी उरलं नाही. सगळ्यांत शेवटी उल्रिके गेली. रोजनिशीची मूळ वही हरवली. एका मिशनऱ्यानं केलेलं तिचं जर्मन भाषांतर शंभर वर्षांनी, १९८० साली, पेनसिल्व्हेनियातल्या मोरावियन दप्तरात सापडलं.

दुसरा मुक्काम फार लांब नाही. शहर तेच, सोळा वर्षं पुढे.

१८९६चा उन्हाळा. बर्लिनच्या ट्रेप्टो उद्यानात मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलंय. यंत्रं, विजेचे दिवे, खाण्यापिण्याचे मांडव, वाद्यवृंद. एका माणसानं इथे आकाश बघण्यासाठी तब्बल एकवीस मीटर लांबीची दुर्बीण उभी करायला घेतली आहे. काम रखडलंय; दुर्बीण तयार होईल ती सप्टेंबरात, प्रदर्शन संपत आल्यावर. पण तुम्ही तारे बघायला आलेला नाही. तुम्ही मासे पाळायच्या तळ्याकडे निघालाय, जिथे जर्मनीच्या वसाहती मांडल्या आहेत. टोगो, कॅमेरून, नैर्ऋत्य आफ्रिका, पूर्व आफ्रिका, न्यू गिनी. तळ्याकाठी गवती झोपड्यांची गावं उठवली आहेत आणि त्यांत राहायला शंभरावर माणसं आणली आहेत. अधिकृत आकडा १०६.

तुम्ही हेरेरो बघायला आलाय. आजच्या नामिबियातली ही गुरं राखणारी जमात. वर्तमानपत्रांतून तुम्ही बरंच वाचलंय. कातडी, भाले, तांबडी माती. तुम्ही कुंपणाशी पोहोचता आणि समोर उभा असतो एकवीस वर्षांचा एक देखणा तरुण. सूट घातलेला.

तुम्ही आधी त्याला व्यवस्थापक समजता.

तो फ्रीडरिश महारेरो, हेरेरोंचा प्रमुख सॅम्युअल महारेरो याचा थोरला मुलगा. त्याच्या सोबतचे हेरेरो आणि नामा लोकही तसेच, कोट-टोपी-बुटांत. ही मंडळी ख्रिस्ती आहेत, घरीही असेच कपडे घालतात. त्यांच्या दृष्टीनं ते बर्लिनला प्रदर्शनात बसायला आलेलेच नाहीत. ते कैसरच्या राजधानीत आलेत, राजाच्या घरचे लोक म्हणून, बोलणी करायला. आयोजकांची पंचाईत झाली आहे. त्यांना झोपडीसमोर कातडी पांघरलेला आफ्रिकी हवाय आणि समोर आलाय त्यांच्यापेक्षा नीटनेटका कोट घातलेला पाहुणा. बर्लिनचे मानववंशशास्त्रज्ञ फेलिक्स फॉन लुशान मोजमापाची पट्टी आणि कॅमेरा घेऊन हजर आहेत; त्यांनाही ‘मूळ’ पोशाखातले फोटो हवे होते. महारेरोचा फोटो निघाला, पण सुटातच.

आता स्वतःकडे बघा. तुमच्या चेहऱ्यावर काय आहे? मला विचाराल तर तिथे चक्क फसवणुकीचा राग आहे. पैसे देऊन आलो आणि हा तर आपल्यासारखाच दिसतो! हा राग नीट लक्षात ठेवा. पुढची सव्वाशे वर्षं हा राग कुणाच्या तोंडावर उमटू नये म्हणून माणसं धडपडणार आहेत.

कुंपणापलीकडून कॅमेरूनच्या गावात चला. इथे दुआला लोकांच्या बेल घराण्यातला एक जण आहे, क्वेले न्दुंबे. जर्मन त्याला बिस्मार्क बेल म्हणतात. दिवसभर त्याच्याकडे डोळे वटारून बघणाऱ्या गर्दीला तो कंटाळला. मग त्यानं एक काम केलं. नाटकगृहात वापरतात तशी छोटी दुर्बीण विकत आणली, डोळ्यांना लावली आणि तुमच्याकडे बघायला लागला. शांतपणे. तुमच्या टोपीकडे, तुमच्या बायकोच्या घोळदार झग्याकडे, तुमच्या तोंडात अर्धवट राहिलेल्या सॉसेजकडे.

एकाच उद्यानात दोन दुर्बिणी. मोठी अजून तयार झालेली नाही.

२०१७ साली ट्रेप्टोच्या स्थानिक संग्रहालयानं या १०६ जणांवर प्रदर्शन मांडलं. त्याला नाव दिलं ‘उलट पाहिलं’ अशा अर्थाचं.

फ्रीडरिश घरी परतला. आठ वर्षांनी, १९०४ साली, हेरेरोंनी जर्मनांविरुद्ध शस्त्र उचललं. वॉटरबर्गच्या लढाईनंतर जनरल फॉन ट्रोथानं ऑक्टोबरात हुकूम काढला, की जर्मन हद्दीत दिसेल त्या हेरेरोला गोळी घाला. लोक ओमाहेकेच्या वाळवंटात ढकलले गेले, पाणवठे अडवले गेले, हजारो तहानेनं मेले. महारेरो बाप-लेक वाळवंट ओलांडून इंग्रजांच्या बेचुआनालँडला पोहोचले. ज्या राजधानीत फ्रीडरिश कोट घालून सन्मानानं बोलणी करायला गेला, त्याच राजधानीनं पाठवलेल्या सेनापतीचा हा हुकूम.

आता शंभर वर्षं उडी. तिसरा मुक्काम. घड्याळाचा हिशेब इथे लागतो.

२००५ साली नेदरलँड्समधल्या एसबीएस ६ या वाहिनीवर ‘खरुटन आउट द रिंबू’ हा कार्यक्रम सुरू झाला. नावाचा अर्थ ‘जंगलातून नमस्कार’. पिक्चर पोस्टकार्डावर लिहितात तसा. ‘रिंबू’ हा शब्दही डचांनी मलायीतून उचललेला, वसाहतीच्या काळात. बेत साधा होता. डच कुटुंब घ्यायचं, आई-बाप-पोरं, सुटकेसांसकट, आणि त्यांना काही आठवडे एखाद्या ‘आदिम’ जमातीत नेऊन सोडायचं. त्यांनी जमात खाते ते खायचं, झोपते तिथे झोपायचं. कार्यक्रम तुफान चालला. मग सांगाडा इतर देशांत विकला गेला. बेल्जियमनं आपल्या आवृत्तीला नाव दिलं ‘टोस्ट कानिबाल’. कच्च्या खिम्याचा टोस्ट हा तिकडचा एक खाण्याचा पदार्थ आहे, त्यावरची ही कोटी. नरभक्षकांवर विनोद करून संध्याकाळ घालवायची, असा एकंदर थाट. २००६ साली जर्मनीत झाट आइन्स वाहिनीनं आपली आवृत्ती काढली, ‘रानटी लोकांसारखे’ अशा अर्थाच्या नावाची.

कोण कुठे गेलं ते बघा. डच कुटुंब गेलं इंडोनेशियातल्या मेंतावाई लोकांकडे. ते एकेकाळचं डच राज्य. जर्मन कुटुंबं मेंतावाईंशिवाय नामिबियातल्या हिंबांकडे आणि टोगोतल्या तांबेर्मा लोकांकडे गेली. नामिबिया आणि टोगो, दोन्ही जुन्या जर्मन वसाहती. ट्रेप्टोच्या तळ्याकाठच्या दोन मांडवांचीच ही नावं. हिंबा तर हेरेरोंचे भाऊबंद, भाषा एकच, ओचिहेरेरो. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. वसाहतीच्या वाटा झिजून झिजून इतक्या पक्क्या होतात, की पुढची माणसं नकळत त्यांवरूनच चालतात.

पण इथे मी तुम्हांला डच कुटुंबाबरोबर नेत नाही. ते सगळ्यांनी पाहिलंय. या वेळी तुम्ही यजमान आहात.

तुम्ही सिबेरुत बेटावर राहता. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे दीडशे किलोमीटर समुद्रात. पादांगहून रात्रभर बोट, मग मुआरा सिबेरुतचं बंदर, मग इंजिनाच्या होडीनं नदीतून वर. तुमचं घर म्हणजे उमा, खांबांवर उभारलेलं लांबलचक लाकडी घर, ज्यात एका कुळाची सगळी माणसं मावतात. पडवीत शिकारीतल्या माकडांच्या कवट्या टांगलेल्या. खाली डुकरं. मागच्या बाजूला ओढ्याशी साबुदाण्याचं काम चालू आहे. आपल्याकडे साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, उपवासाचा. तुमचा खरा सागो ताडासारख्या झाडाच्या बुंध्यातला. बुंधा फोडायचा, गाभा किसायचा, फळ्यांच्या चाळणीवर पाणी ओतत पायानं तुडवायचा. खाली पीठ साठतं, ते पानांत गुंडाळून विस्तवावर भाजायचं. एक झाड घरादाराला कित्येक आठवडे पुरतं. जगात इतक्या कमी कष्टात इतकं अन्न देणारं दुसरं झाड फारसं नसेल.

आणि तुम्ही अंगात काय घातलंय? हाफपँट, बंदरातून आणलेला टी-शर्ट, मनगटावर घड्याळ. मुलगा बंदराच्या शाळेत आहे. रविवारी चर्च. सिगारेट तुम्ही सतत ओढता, आणि हातातला कोयता लोखंडी आहे. लोखंड आणि तंबाखू व्यापाऱ्यांच्या होड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या येतायत. तुम्ही अश्मयुगात राहता असं तुमच्याबद्दल जगाच्या दुसऱ्या टोकाला सांगितलं जातं, हे तुम्हांला कळलं तर तुम्ही कोयत्याकडे बघून हसाल.

बाहेरून माणसं येतात. मध्यस्थ, दुभाषा, कॅमेरे. बोलणी होतात, किती डुकरं, किती तंबाखू, किती रुपये. मग हळूच विषय निघतो. घड्याळ काढून ठेवा. टी-शर्ट नको. प्लॅस्टिकची बादली आत न्या. सालीचा लंगोट नेसा, जुने लोक नेसायचे तसा. सिबेरुतला पर्यटक यायला लागले तेव्हापासूनचा हा रिवाज आहे. पाहुण्याची होडी नदीच्या वळणावर दिसली, की कपडे बदलायचे. तुम्हांला सवय आहे.

तुमचे काका मात्र पडवीत बसून खदखदून हसतायत. हे काका, त्यांचं हसणं, दोन्ही मी कल्पनेनं बसवले आहेत. पण हसायचं कारण खरं आहे. १९५४ साली इंडोनेशियाच्या सरकारनं इथे ‘तीन धर्मांची सभा’ भरवली. मेंतावाईंना सांगितलं, की तुमचा जुना धर्म आजपासून बंद, तीन महिन्यांत मान्यता असलेला धर्म घ्या. पुढे पूजेचं साहित्य पोलिसांनी जाळलं. लांब केस, गोंदण, घासून टोकदार केलेले दात आणि सालीचा लंगोट, हे सगळं मागासपणाची खूण म्हणून बंद केलं गेलं. सिकेरेई म्हणजे वैद्य-पुजारी रानात लपले. काकांना लंगोट नेसला म्हणून दम भरला गेला. आणि आता पन्नास वर्षांनी समुद्रापलीकडून लोक येऊन पैसे देतायत, लंगोट नेसा म्हणून. पन्नास वर्षांपूर्वी त्यांना सांगितलं तुम्ही मागे राहिलात, पुढे या. आता सांगतायत पुढे आलात, मागे जा. दोन्ही वेळी सांगणारा बाहेरचा.

सुटकेसा उतरतात. आई, बाप, दोन पोरं. पोरीला रडू येतंय, चिखल आहे, संडास नाही. बाप हसरा, घामाघूम. सागोच्या बुंध्यातल्या अळ्या पुढे आल्यावर चौघांची तोंडं बघण्यासारखी होतात. कॅमेरा तिथेच आहे, त्याला तोंडंच हवीत. तुम्ही मात्र त्यांची काळजी करता. यांना काही येत नाही. एवढा मोठा माणूस आणि डुकराला खायला घालता येत नाही. मुलांना रागावत कसे नाहीत हे? तुम्ही आपसांत बोलता, टिंगल करता, आणि मला वाटतं या कार्यक्रमांतला खरा माल तोच होता. यजमानांच्या बोलण्याचं भाषांतर खाली पट्टीत उमटायचं. बिस्मार्क बेलची दुर्बीण एवढ्यापुरती पडद्यावर परत आली म्हणायची. फक्त तिच्यातून किती बघायचं आणि कधी बंद करायचं हे संकलकाच्या हातात.

निरोपाच्या वेळी दोन्ही बाजू रडल्या, तर ते रडणं खोटं मानायचं कारण नाही. काही आठवडे एका छपराखाली राहिलं, की माणसांना माणसं लागतात. रडणं खरंच असतं. गफलत त्याच्या आधीच होऊन गेलेली असते, घड्याळ काढायला लावलं तेव्हा.

कारण विकलं जातं ते काय? परदेश नाही. परदेश तर ट्रॅव्हल कंपनीही विकते. विकला जातो भूतकाळ. विमानात बसा आणि हजारो वर्षं मागे जा. नेदरलँड्समध्येच, आम्सटर्डाम विद्यापीठात, योहानेस फाबियान नावाचे मानववंशशास्त्रज्ञ शिकवत होते. १९८३ साली त्यांनी ‘टाइम अँड द अदर’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्या माणसाबरोबर आपण बसून जेवतो, बोलतो, त्याच्याविषयी लिहायला बसलो की त्याला आपण दुसऱ्याच काळात ढकलतो. तो आपला समकालीन आहे हेच नाकारतो. आपल्या शास्त्राची ही खोड त्यांनी पकडली होती. बावीस वर्षांनी त्याच देशात ही खोड संध्याकाळच्या मनोरंजनाची संहिता झाली. डच मानववंशशास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला, २००७ साली ‘अँथ्रोपॉलॉजी टुडे’ या नियतकालिकात लेखही लिहिला. प्रेक्षकांवर त्याचा काही परिणाम झाला असेल असं वाटत नाही.

हिंबांच्या बाबतीत तर कमाल. त्यांच्या बायका लोणी आणि गेरूचा लेप अंगाला लावतात, केसांच्या बटांना लावतात. पडद्यावर तो तांबडा रंग फार छान दिसतो. पण ओपुवो या त्यांच्या गावात सुपरमार्केट आहे, आणि तिथे गेरू लावलेली बाई आणि जीन्स घातलेली तिची नातलग एकाच रांगेत ट्रॉली घेऊन उभ्या असतात. १९९०च्या दशकात कुनेने नदीवर एपुपाजवळ मोठं धरण बांधायचा घाट होता. पूर्वजांच्या कबरी, कुरणं, सगळं पाण्याखाली जाणार होतं. हिंबा प्रमुखांनी त्याला विरोध केला, त्यासाठी युरोपात जाऊन लोकांना भेटून आले. ते धरण एपुपाला झालं नाही. नर्मदेच्या खोऱ्यातल्या माणसांना ही गोष्ट सांगायला लागणार नाही. जर्मन टीव्हीचा कॅमेरा पोहोचण्याआधी काही वर्षं ज्यांचे पुढारी युरोपात जाऊन धरणाविरुद्ध बोलून आले, त्यांना ‘काळाच्या बाहेरचे’ म्हणून दाखवायचं. त्यासाठी सुपरमार्केट चौकटीच्या बाहेर ठेवावं लागतं, एवढंच.

डच निर्मात्यांनी पुढे उलटा कार्यक्रमही केला. जंगलातले यजमान नेदरलँड्सला पाहुणे म्हणून आले. फिट्टंफाट झाली असं वाटेल. पण या खेपेलाही थंडीनं कुडकुडणारे, सरकत्या जिन्याला बिचकणारे तेच. कॅमेरा त्यांच्याकडेच वळलेला.

शेवटचा मुक्काम घरचा. तुमच्या दिवाणखान्यात. झी मराठीवर २०२३ साली ‘जाऊ बाई गावात’ सुरू झालं, शहरी मुली खेड्यात राहायला गेल्या. शेण, चूल, गोठा. २०२५ साली ‘चल भावा सिटीत’ आलं, खेड्यातली मुलं शहरात. जाणं आणि परतफेड, डचांनी केली तशीच जोडी. मेंतावाईंशी आपली तुलना मी करत नाही. भाषा एक, जेवण एक, आणि गावातला माणूस वाहिनीच्या माणसाला चार शब्द सुनावू शकतो. पण खेड्याला काळ समजायची सवय आपल्यालाही आहे. ‘गावाकडे गेलं की लहानपणात गेल्यासारखं वाटतं’ हे वाक्य तुम्ही म्हटलंय, मीही म्हटलंय. त्या गावातला माणूस आपल्या लहानपणात राहत नसतो. तो आजच्या तारखेत राहतो, पीकविम्याचा ओटीपी येत नाही म्हणून वैतागलेला.

दर थंडीत आपण हुरडा पार्टीला जातो. बैलगाडी, चुलीवरची भाकरी, माणशी अमुक इतके. दारात फेटा बांधून, धोतर नेसून जो तरुण स्वागत करतो त्याला मागच्या खेपेला मी गोठ्यामागे पाहिलं. पार्टी संपली होती. फेटा उतरवून तो जीन्समध्ये मोटरसायकलवर बसला होता आणि मोबाइलवर कुणाला तरी जोरजोरात सांगत होता, की उद्या दोन बस येणार आहेत, एका गाडीचा बैल लंगडतोय, दुसरा कुठून तरी बघ. मला बघून त्यानं मोबाइल खिशात टाकला. सवयीनं. मग मी काही बोललो नाही तसा पुन्हा बाहेर काढला. पुढच्या रविवारी तुम्ही जाणारच असाल तर बैलाचं विचारा त्याला. आणि एकदा बर्लिनला जायचा योग आला, तर ट्रेप्टोच्या बागेत जा. ती एकवीस मीटरची दुर्बीण अजून तिथेच आहे.